वासा का बुडालं हे सगळे विचारतात, टिकलं कसं ते विचारा

मॅनेजमेंट किंवा इंजिनिअरिंगकडून संशोधनाकडे वळलेल्यांनी ‘वासा’ची गोष्ट एकदा तरी पॉवरपॉइंटवर पाहिलेली असते. स्वीडनच्या राजाला मोठं जहाज हवं होतं, त्याने मध्येच मागण्या वाढवल्या, कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही, जहाज पहिल्याच दिवशी बुडालं. पुढची स्लाइड : ‘आपण काय शिकलो?’ प्रोजेक्ट फसण्याचं इतकं सोयीचं उदाहरण दुसरं नसेल. या प्रकाराला ‘वासा सिंड्रोम’ असं नाव देणारा लेख 2001 मध्ये एका नामांकित व्यवस्थापन-नियतकालिकात आला, आणि तेव्हापासून हे जहाज समुद्रापेक्षा वर्गातच जास्त बुडतं.

आज या जहाजाबद्दल, ते जिथे ठेवलंय त्या म्युझियमबद्दल आणि आजूबाजूच्या बंदराबद्दल लिहितेय. प्रवासवर्णन म्हणून वाचू नका. तुमच्यातले बरेच जण सध्या ‘पेट’च्या किंवा मुलाखतीच्या तयारीत आहात, काहींचा सिनॉप्सिस चौथ्यांदा परत आलाय. ‘संशोधनप्रश्न कसा शोधायचा?’ हा मला सगळ्यात जास्त येणारा मेल. त्याचं उत्तर नुसत्या व्याख्या देऊन जमत नाही, म्हणून हे उदाहरण घेतलंय.

आधी वादात नसलेल्या गोष्टी. 10 ऑगस्ट 1628 ला वासा स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन, किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. 64 तोफा, तोफांचे दोन मजले, एकूण लांबी 69 मीटर. वाऱ्याच्या झोताने ते डाव्या अंगाला कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि खेळ संपला. साधारण 30 माणसं गेली. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ त्या वेळी पोलंडशी चाललेल्या युद्धात, प्रशियात होता. पुढे 1956 मध्ये आन्देर्स फ्रान्सेन या हौशी अभ्यासकाने जहाज शोधलं आणि 24 एप्रिल 1961 ला ते पाण्याबाहेर आलं. 1990 पासून ते युर्गोर्डेन बेटावरच्या खास बांधलेल्या म्युझियममध्ये आहे.

एका परिषदेच्या निमित्ताने मला स्टॉकहोममध्ये दोन दिवस मिळाले आणि दोन्ही दिवस मी याच बेटावर घालवले. पहिल्या दिवशी मी भारावले होते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण पुढे मी तक्रार करणार आहे. दार ढकलून आत गेलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि मग समोर एकदम ते जहाज. सगळंच्या सगळं. आपल्याला म्युझियममध्ये तुकडे पाहायची सवय असते. इथे जहाज एवढं पूर्ण आहे की आपणच त्याच्यापुढे तुकडे वाटतो. मजल्यामजल्यांवरून त्याला फेरी घालता येते. मागच्या बाजूचं कोरीवकाम बघताना मान दुखते, तरी हलवत नाही. अशी मांडणी सोपी नसते आणि वास्तुविशारदांना पूर्ण गुण द्यायला हवेत. इमारतीच्या छपरावर जहाजाच्या डोलकाठ्यांची मूळ उंची दाखवणारे खांब उभे केलेत, ते लांबून बंदरातूनही दिसतात.

तक्रार दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सगळा प्रयोग एकाच प्रश्नाभोवती रचलाय असं माझं मत झालं : हे का बुडालं? प्रश्न रंजक आहे, नाट्यमय आहे, आणि शंभरातले नव्वद प्रेक्षक तोच मनात घेऊन येतात. पण त्याचं उत्तर बरंचसं हाती आलेलं आहे. वरचा भाग जड, पाण्याखालचा भाग त्या मानाने लहान, तळात भरलेले दगड पुरेसा तोल देईनात. निघण्याआधी धक्क्यावरच चाचणी झाली होती. 30 माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवलं, आणि जहाज इतकं हेलकावलं की तीन फेऱ्यांनंतर अॅडमिरल फ्लेमिंगने ती थांबवली. म्हणजे निकाल समोर होता, तरी निघायचं ठरलं. जहाजावर चार मोजपट्ट्या सापडल्या : दोन स्वीडिश फुटाच्या, दोन अॅमस्टरडॅम फुटाच्या, आणि त्या दोन फुटांची लांबी वेगळी. जहाजाच्या दोन बाजू मोजल्या तर त्या एकसारख्या भरत नाहीत. याहून सुंदर पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही. मोजपट्टीपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

पण पॉवरपॉइंटवाल्या गोष्टीत या मोजपट्ट्या नसतात, तिथे हट्टी राजा असतो. इथे पहिली टीका नोंदवते. चौकशी सप्टेंबर 1628 मध्ये झाली, पण तिची पूर्ण नोंद आज शिल्लक नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. मुख्य जहाजबांधणारा हेन्रिक हिबेर्टसन 1627 मध्येच वारला होता. त्याच्यानंतर कंत्राटाचा कारभार त्याची बायको मार्गारेता निल्सडोटर पाहत होती आणि बांधकाम हाइन याकोबसन. आता अर्धवट नोंदी, मेलेला मुख्य साक्षीदार, आणि आपापली कातडी वाचवणारी माणसं यांच्या जबान्या एवढ्यावर ‘मागण्या मध्येच वाढवल्याने प्रोजेक्ट फसतो’ असा सार्वकालिक सिद्धांत उभा करायचा? तुमच्या प्रबंधात तुम्ही हे केलंत तर गाईड पहिल्याच वाचनात लाल रेघ मारतील, आणि मारायलाच हवी. राजाची घाई, तोफांच्या आराखड्यातले बदल हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की एका जहाजाने ‘सिंड्रोम’ होतो का?

आता म्युझियमच्या बाहेर चला. वासाबद्दलचा जास्त चांगला प्रश्न बाहेर, पाण्यात आहे. 333 वर्षं पाण्याखाली असलेलं ओकचं जहाज टिकलं कसं?

फ्रान्सेनने नेमकं हेच आधी विचारलं होतं, म्हणून त्याला ते सापडलं. उष्ण आणि खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा असतो. तो खरं तर किडा नाही, शिंपल्यांच्या जातीतला प्राणी आहे, आणि बुडालेलं लाकूड तो काही दशकांत फस्त करतो. बाल्टिक समुद्राचं पाणी त्याला मानवत नाही, त्यात मीठ फार कमी. फ्रान्सेनने तर्क केला की असं असेल तर बाल्टिकमधली जुनी जहाजं जागेवरच असली पाहिजेत. मग वर्षानुवर्षं कागदपत्रं चाळत आणि बंदराचा तळ चाचपत तो फिरला. शेवटी बेकहोल्मेन या छोट्या बेटाजवळ तळात एक उंचवटा लागला आणि त्याच्या नमुना काढायच्या अवजारात काळ्या ओकचा तुकडा वर आला. लक्षात घ्या, त्याने आधी साधन शोधलं नाही. साधन कुठल्या परिस्थितीत टिकू शकतं हे आधी शोधलं.

पण नुसतं मीठ कमी हे पूर्ण उत्तर नव्हे. स्टॉकहोमचं बंदर घाण होतं. शहराचं सांडपाणी विसाव्या शतकापर्यंत त्यात येत राहिलं. तळाशी प्राणवायू उरला नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साचला. सडक्या अंड्याचा वास असतो ना, तोच वायू. लाकूड कुजवणारे बरेच सूक्ष्मजीवही अशा पाण्यात तग धरत नाहीत. थोडक्यात, स्वीडनचा सगळ्यात मोठा राष्ट्रीय ठेवा शहराच्या गटाराने सांभाळला! हे वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर का नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. जतनाची माहिती म्युझियममध्ये आहे, नाही असं नाही. पण प्रेक्षकाचं मन तिथे पोचेपर्यंत राजा आणि तोफांनी व्यापलेलं असतं.

आणि गोष्ट इथे थांबत नाही. लाकूड वाळून आकसू नये म्हणून 1962 पासून 1979 पर्यंत जहाजावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले. सगळं ठीक झालं असं वाटलं. मग 2000 च्या पावसाळी उन्हाळ्यात ओलसर कपड्यांचे गर्दीचे लोंढे आत आले, हवेतली आर्द्रता वाढली आणि लाकडावर ठिकठिकाणी पांढरे-पिवळे क्षार फुटले, आम्लधर्मी. 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये माग्नुस सान्डस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी कारण मांडलं : सल्फाइडवाल्या पाण्यातून आलेलं गंधक लाकडात मुरलेलं होतं, बाहेरच्या हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होत होतं, आणि गंजलेल्या बोल्टमधलं लोखंड त्या क्रियेला हातभार लावत होतं. सगळ्या गंधकाचं आम्ल झालं तर 5000 किलोपर्यंत होऊ शकेल, असा त्यांचा अंदाज. म्हणजे ज्या घाणीने जहाज वाचवलं, तीच आता आतून खातेय.

वर्तमानपत्रांना हे ‘आम्ल’ प्रकरण इतकं आवडलं की बरेच जण अजून तिथेच थांबलेत. पुढच्या अभ्यासांनी चित्र गुंतागुंतीचं केलं. लाकडाची ताकद कमी होण्यात लोखंडामुळे होणाऱ्या ऑक्सिडेशनचा वाटा मोठा दिसला, लाकडात खोलवर ऑक्झॅलिक आम्लही सापडलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे विसरू नका : गाजलेला पहिला पेपर वाचला की काम झालं असं वाटतं, तर पुढचे पाच पेपर त्याच्या कडा घासत असतात. म्युझियमने 2004 मध्ये नवी हवामान-यंत्रणा बसवली, आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास राखली जाते. 2011 ते 2018 या काळात 5000 हून जास्त बोल्ट बदलून खास स्टेनलेस पोलादाचे घातले. जहाज स्वतःच्याच वजनाने वाकतंय, म्हणून नवा आधार उभारण्याचं कामही हाती घेतलंय.

म्युझियम अभिमानाने सांगतं की जहाज 98 टक्के मूळ आहे. आकडा बरोबरच असेल, पण ‘मूळ’ म्हणजे काय? ओक मूळ, त्यात मुरलेलं ग्लायकॉल 1960 नंतरचं, गंधक मधल्या शतकांतलं, बोल्ट आपल्या काळातले. 50 हून जास्त तोफा तर सतराव्या शतकातच, 1660 च्या दशकात, घंटेच्या आकाराच्या पिंपात बसून उतरलेल्या पाणबुड्यांनी काढून नेल्या होत्या. तुमच्यासमोर 1628 नाही. तुमच्यासमोर 1628 पासून आजपर्यंतचं सगळं एकत्र उभं आहे. मला ते जास्त मोलाचं वाटतं, पण तसं सांगितलं जात नाही.

आपल्या पाण्यात काय होतं, याचीही तुलना करून पाहा. गोव्याजवळ सुंची रीफ या खडकाळ भागात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सतराव्या शतकातल्या, म्हणजे साधारण वासाच्याच काळातल्या, एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. काय मिळालं? लोखंडी तोफा, नांगर, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, घडीव दगड. जहाज नाही. उथळ, उबदार, खाऱ्या पाण्यात लाकूड कुठून राहणार? तिथे माल उरला, वाहन गेलं. स्टॉकहोममध्ये वाहन उरलं. आता कुणी म्हणालं की स्वीडिश लोकांना जहाजं महत्त्वाची होती आणि पोर्तुगिजांना व्यापार, तर तो इतिहास झाला की पाण्याचं रसायन? हसू नका, अशी वाक्यं छापून येतात.

वासाच्या बाबतीतली सगळ्यात मोठी गोची मात्र वेगळीच आहे. म्युझियमपासून चार पावलांवर, त्याच जुन्या नौदल आवारातल्या एका बोटशेडमध्ये ‘व्राक’ नावाचं दुसरं म्युझियम 2021 मध्ये सुरू झालं. व्राक म्हणजे बुडालेलं जहाज. गंमत म्हणजे तिथे बुडालेलं जहाज नाही. बाल्टिकच्या तळाशी असलेली जहाजं तिथल्या तिथे ठेवायची आणि लोकांना पडद्यावर, डिजिटल रूपात दाखवायची, हे त्यांचं धोरण. पाण्याखालच्या वारशाबद्दलचा 2001 चा युनेस्को करारही आधी जागेवरच जतन करण्याचा विचार करा असंच सांगतो. वासाला भुललेले पर्यटक इथे येतात आणि ‘जहाज कुठेय?’ म्हणून हिरमुसतात. मीही किंचित हिरमुसले. मांडणीत वासाची सर नाही हे खरंच, पण विचार पुढचा आहे.

आणि व्राकच्याच पुरातत्त्वज्ञांनी वासाचं भावंड शोधून काढलं. डिसेंबर 2021 मध्ये वॅक्सहोल्मजवळच्या सामुद्रधुनीत एक मोठं जहाज सापडलं आणि 2022 मध्ये ते ‘एप्लेट’ असल्याचं नक्की झालं. एप्लेट म्हणजे सफरचंद. वासाच्याच कंत्राटातलं, त्याच याकोबसनने बांधलेलं, 1629 मध्ये पाण्यात उतरलेलं. वासापेक्षा रुंद. हे जहाज बुडालं नाही. जवळपास तीस वर्षं नौदलात राहिलं, आणि म्हातारं झाल्यावर 1659 मध्ये शत्रूची वाट अडवायला मुद्दाम बुडवलं गेलं. त्याच गोदीने, त्याच माणसांनी केलेलं काम, आणि ते चाललं. पण त्याचं नाव तुमच्या कुठल्या स्लाइडवर आहे? जगाला सतराव्या शतकातल्या स्वीडिश जहाजाबद्दल जे माहीत आहे, ते मुख्यतः फसलेल्या जहाजावरून माहीत आहे. कारण ते पहिल्याच दिवशी, सगळ्या सामानासकट बुडालं. जी जहाजं नीट चालली ती वापरून झिजली, मोडली, सुटी केली गेली.

हे माझ्या वर्मी लागलं, त्याचं कारण सांगते. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण कोकणातल्या एका छोट्या बंदराच्या एकोणिसाव्या शतकातल्या जकातीच्या दप्तरावर आहे. 40 पानं लिहून झाली होती. निष्कर्ष तयार : या बंदरातले व्यापारी आणि जकात-अधिकारी यांच्यात सतत भांडणं. मग सेमिनारमध्ये मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ मॅडमनी विचारलं, ‘हीच बासनं का उरली गं?’ परत अभिलेखागारात जाऊन पाहिलं तर ज्या वर्षांचे खटले चालू होते त्याच वर्षांची कागदपत्रं राखली होती. बिनभांडणाची वर्षं रद्दीत. मी दप्तर वाचत नव्हते, भांडणांची निवड वाचत होते. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि सहा महिने गेले. वासासमोर उभी असताना मॅडमचा तो ‘गं’ कानात वाजला.

म्युझियममध्येच या बाबतीत एक जागा मला सगळ्यात जास्त आवडली : जहाजावर सापडलेल्या माणसांच्या सांगाड्यांचं दालन. या सांगाड्यांना अभ्यासकांनी इंग्रजी अक्षरं दिली. त्यातल्या ‘जी’ला स्वीडनमधल्या टेलिफोनवर अक्षर सांगायच्या पद्धतीप्रमाणे ‘गुस्ताव’ म्हणायला लागले. हाडांवरून तो पुरुषच समजला गेला होता. कितीतरी वर्षं तो गुस्ताव राहिला. 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं की ती बाई होती, आणि आता तिला ‘गेर्ट्रुड’ म्हणतात. खलाशांच्या बायकांना बंदरातल्या सुरुवातीच्या प्रवासात सोबत यायची परवानगी असे, तेव्हा बाई असण्यात नवल काहीच नव्हतं. नवल हे की ओळख पटवण्यापुरतं दिलेलं एक अक्षर हळूहळू नाव झालं, नावाला लिंग चिकटलं, आणि युद्धनौकेवर पुरुषच असणार या आपल्या समजुतीला ते सोयीचं पडलं. म्युझियमने चूक लपवली नाही, जाहीर केली. मघाशी एवढी टीका केली, म्हणून हेही लिहिते. मुलाखतींच्या उताऱ्यांना, सर्व्हेच्या नमुन्यांना तुम्ही जे कोड देता, त्यांच्याकडे आज रात्री एकदा पाहा.

बाकीचं बंदर भराभर. धक्क्यावर 1915 चं बर्फफोडं जहाज ‘सांक्त एरिक’ आणि 1903 चं तरंगतं दीपगृह ‘फिनग्रुन्डेट’ बांधून ठेवलीत. मला ‘फिनग्रुन्डेट’ जास्त आवडलं, एका जागी नांगर टाकून वर्षानुवर्षं उभं राहणं हीच त्याची कारकीर्द. स्कान्सेन टेकडीवर आहे. आर्तुर हाझेलियसने 1891 मध्ये सुरू केलेलं हे खुलं संग्रहालय देशभरातून उचलून आणलेल्या जुन्या घरांचं. सुंदर आहे, पण तोच प्रश्न खिशात ठेवून जा : कुठली घरं उचलली, कुठली नाही? शेजारच्या जत्रेच्या झोपाळ्यांमधून येणाऱ्या किंकाळ्यांनी वासाची गंभीरता जरा उतरते, तेही बरंच.

कधी गेलातच तर क्रम उलटा करा. आधी बेकहोल्मेनवर जा. युर्गोर्डेनवरून पूल ओलांडून चालत जाता येतं, तिकीट नाही, गर्दी नाही. बेक म्हणजे डांबर. जहाजांना लावायचं डांबर इथे उकळायचे, म्हणून ते नाव. इथली माती त्या उद्योगांनी इतकी दूषित झाली होती की ती साफ करावी लागली. कोरड्या गोद्या अजून आहेत. त्यांच्या कडेला उभं राहून समोरच्या पाण्याकडे बघा. वासा इथेच, सुमारे 32 मीटर खोल पडून होतं. बघण्यासारखं काही नाही, फेरीबोटी जातात, बदकं असतात. तिथून व्राक, आणि वासा सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलट केलं, म्हणून दुसऱ्या दिवशीचं तिकीट पुन्हा काढावं लागलं.